ओव्हनमधले चिकट, चकचकीत चिकन विंग्ज: कातडी आधी, पाक शेवटी

ओव्हनमधून काढलेले विंग्ज वरून चकाकतात, पण दाताखाली कातडी रबरासारखी ताणली जाते. किंवा कातडी छान कडक होते आणि तिच्यावरचा मध करपून कडू लागतो. नवख्या हाताला हे दोन्ही अनुभव येतात आणि दोन्हींचं मूळ एकच असतं: पाणी कुठून आणि कधी घालवायचं, हा क्रम चुकलेला असतो.

कातडीत पाणी असतं आणि सॉसमध्येही असतं. कातडीतलं पाणी गेल्याशिवाय ती कुरकुरीत होत नाही, सॉसमधलं गेल्याशिवाय तो चिकट होत नाही. कातडीतलं पाणी ओव्हनमध्ये घालवायचं, सॉसमधलं गॅसवर. कच्चे तुकडे मध-सोया सॉसमध्ये मुरवून तसेच भाजायला ठेवले की ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात. सॉसच्या ओलाव्यामुळे कातडी वाफेत शिजते आणि ती वाळायच्या आत मधातली साखर काळी पडते. म्हणून या पद्धतीत चिकन जवळजवळ कोरडंच भाजायचं आणि पाक अगदी शेवटच्या दहा मिनिटांत लावायचा.

काय आणि किती

खालची मापं चार जणांना पुरतील अशी आहेत. छोटा चमचा म्हणजे ५ मिली, मोठा म्हणजे १५ मिली, आणि दोन्ही सपाट भरलेले.

विंग्जसाठी:
- कातडीसह चिकन विंग्ज १ किलो (अख्खे साधारण १० ते १२)
- बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम
- बारीक मीठ पाऊण छोटा चमचा
- मिरपूड अर्धा छोटा चमचा
- जाळीला लावायला थोडं तेल

पाकासाठी:
- मध ४ मोठे चमचे
- ब्राउन शुगर १ मोठा चमचा
- सोया सॉस ३ मोठे चमचे
- टोमॅटो केचप २ मोठे चमचे
- व्हिनेगर दीड मोठा चमचा
- पाणी ४ मोठे चमचे
- लसूण ५ पाकळ्या, बारीक ठेचून
- किसलेलं आलं १ छोटा चमचा
- चिली फ्लेक्स १ छोटा चमचा
- बटर १ मोठा चमचा

दोन गोष्टींत अदलाबदल करू नका. पहिली म्हणजे कातडी. बिनकातडीच्या विंग्जवर पाक बसतो खरा, पण आतलं मांस सुकतं आणि कुरकुरीतपणा यायला जागाच उरत नाही. दुसरी म्हणजे बेकिंग पावडर. तिच्या जागी खायचा सोडा चालणार नाही. सोडा तिच्यापेक्षा तीन-चार पट तीव्र असतो आणि तेवढ्याच मापाने घातला तर विंग्जना साबणासारखी चव येते. डब्यावरचं नाव वाचूनच चमचा भरा. ॲल्युमिनियम नसलेली बेकिंग पावडर मिळाली तर ती घ्या, दुसरीची कधीकधी जिभेवर धातूची चव राहते.

पाकात मध आहे, त्यामुळे हे विंग्ज एक वर्षाखालच्या बाळाला चाटवूही नका.

तुकडे करणं

पंखाचे तीन भाग असतात: खांद्याकडचा एका हाडाचा, छोट्या लेगपीससारखा दिसणारा, मधला चपटा, दोन बारीक हाडांचा, आणि टोक. टोकावर मांस जवळजवळ नसतं आणि ते सगळ्यात आधी करपतं, म्हणून कापून टाका. फेकू मात्र नका. ही टोकं फ्रीझरमध्ये साठवली तर त्यांचा उत्तम स्टॉक होतो.

कापताना हाडावर जोर लावायचा नाही. पंख उताणा ठेवून सांधा उघडा, कातडी ताणली जाईल. बोटाच्या टोकाने दोन हाडांमधली खाच चाचपा आणि तिथेच सुरी ठेवून दाबा. सुरी बरोबर जागी असेल तर कूर्चेतून सहज खाली जाते. अडली तर ती हाडावर आहे. तीन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे सरकवून पुन्हा बघा. जोर लावून हाड फोडलं तर त्याच्या बारीक कपच्या मांसात राहतात आणि खाताना दाताखाली येतात.

चिकन नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जंतू मरत नाहीत, उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर सिंक, ओटा आणि शेजारी ठेवलेल्या भांड्यांपर्यंत पोचतात. ते मरतात ओव्हनच्या उष्णतेत. शिवाय आपल्याला इथे पाणी वाढवायचं नाही, घालवायचं आहे. रक्त किंवा हाडाचा चुरा दिसला तर ओल्या पेपर नॅपकिनने पुसून घ्या. सुरी, पाट आणि हात गरम पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा.

गोठवलेले विंग्ज असतील तर आदल्या दिवशी फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. एक किलोला पूर्ण दिवस लागू शकतो. ओट्यावर ठेवून वितळवलं तर आत बर्फ असतानाच बाहेरची बाजू कोमट होते आणि जंतूंना तेवढं पुरतं.

वाळवणं: खरं काम इथेच होतं

पेपर नॅपकिनने प्रत्येक तुकडा दाबून टिपा. कातडीच्या घड्यांमध्ये, सांध्याच्या बेचक्यात पाणी साचलेलं असतं, तिथेही नॅपकिन घाला. हात लावल्यावर तुकडा ओलसर न लागता किंचित चिकट लागला पाहिजे.

एका मोठ्या भांड्यात बेकिंग पावडर, मीठ आणि मिरपूड आधी नीट एकत्र करा, मग तुकडे घालून हाताने चोळा. मिश्रण थेट तुकड्यांवर टाकलं तर एका ठिकाणी बेकिंग पावडरचा गठ्ठा बसतो आणि तो तुकडा कडवट लागतो. वर पांढरी भुकटी दिसेल इतका थर नको, तुकडे नुसते धुरकट दिसले की झालं. तेल इथे घालायचं नाही. कातडीखाली चरबी भरपूर आहे आणि ती आपोआप सुटणार आहे.

बेकिंग पावडरमुळे कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लारिधर्मी होतो. पदार्थ भाजताना प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या ज्या अभिक्रियेमुळे खरपूस रंग आणि वास येतो, ती अशा पृष्ठभागावर जास्त वेगाने होते. (फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार अभिक्रिया.) शिवाय पावडरमधून सुटणाऱ्या वायूचे बारीक बुडबुडे कातडीवर उमटतात. कातडी खडबडीत होते आणि त्या खडबडीत पृष्ठभागाला नंतर पाक पकडून राहतो.

आता ट्रेवर फॉइल अंथरा, त्यावर तारेची जाळी ठेवा, जाळीला तेलाचं बोट फिरवा आणि तुकडे एकमेकांना न चिकटता मांडा. हा ट्रे न झाकता फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे कच्च्या चिकनचा थेंबही दुसऱ्या पदार्थावर पडणार नाही. ८ तास चांगले, २४ तास उत्तम. फ्रिजमधली कोरडी हवा कातडीतला ओलावा ओढून घेते. दुसऱ्या दिवशी कातडी कागदासारखी ताठ आणि अर्धपारदर्शक दिसेल. वेळ नसेल तर निदान एक तास तरी द्या. तोही नसेल तर टिपण्याचं काम दुप्पट मन लावून करा.

भाजणं

ओव्हन १२० अंश सेल्सिअसवर तापवा. ट्रे खालच्या कप्प्यात ठेवून विंग्ज ३० मिनिटं भाजा. बाहेर काढून पाहिलंत तर तुकडे फिकट आणि अनाकर्षक दिसतील, घाबरू नका. या अर्ध्या तासात कातडीखालची चरबी वितळायला लागते. पहिल्यापासूनच आच मोठी ठेवली तर वरची कातडी घट्ट होते आणि चरबी तिच्याखाली अडकून राहते.

मग ओव्हन २२० अंशांवर न्या, ट्रे मधल्या किंवा वरच्या कप्प्यात हलवा आणि आणखी ४० ते ४५ मिनिटं भाजा. २५ मिनिटांनी तुकडे एकदा उलटे करा. उलटताना तुकडा जाळीला चिकटला असेल तर ओढू नका, कातडी फाटेल. आणखी पाच मिनिटं थांबलात की खालची बाजू वाळते आणि तुकडा बहुधा आपणहून सुटतो.

ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर दोन्ही टप्प्यांत तापमान कमी ठेवा: पहिल्यात ११०, दुसऱ्यात २००. ओटीजीसारख्या छोट्या ओव्हनमध्ये वरची सळई तुकड्यांच्या फार जवळ येते. तिथे ट्रे मध्यभागीच ठेवा आणि एका वेळी अर्धाच किलो भाजा. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर हवंच. खच्चून भरलेल्या ट्रेमध्ये वाफ कोंडते आणि विंग्ज भाजले न जाता उकडले जातात. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवरच भाजा, मायक्रोवेव्हचा मोड अजिबात लावू नका, आणि जाळी त्या ओव्हनबरोबर आलेलीच वापरा. तो २०० अंशांपर्यंतच जात असेल तर दुसरा टप्पा ५०-५५ मिनिटांचा धरा. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत १५-२० अंशांची तफावत असणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून घड्याळापेक्षा रंगावर जास्त भरवसा ठेवा.

झालंय हे कसं कळेल? कातडी गडद सोनेरी, बारीक फोडांनी भरलेली. चिमट्याने टकटक केलं तर कोरडा आवाज येतो. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ अंशांना चिकन खायला सुरक्षित होतं, पण विंग्ज तिथे थांबवू नयेत. पंख हा सतत हलणारा अवयव, त्यात चिवट ऊती भरपूर. ८५ ते ९० अंशांपर्यंत नेलं की त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि मांस हाडापासून सहज सुटतं. छातीच्या मांसासारखं ते या तापमानाला कोरडं पडत नाही. हाडाजवळ गुलाबी झाक दिसली तरी लगेच कच्चं समजू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग मांसात उतरतो. अशा वेळी निर्णय थर्मामीटरवर सोडा.

पाक

दुसऱ्या टप्प्याची शेवटची वीस मिनिटं उरली की पाकाला लागा. पसरट, जाड बुडाचं भांडं घ्या, कारण पसरट भांड्यातून पाणी लवकर उडतं. एक छोटा चमचा बटर वितळवून त्यात लसूण-आलं मंद आचेवर अर्धा मिनिट परता. लसणाला रंग येऊ द्यायचा नाही. इथे तांबूस झालेला लसूण पुढे ओव्हनमध्ये काळा होतो. मग मध, साखर, सोया सॉस, केचप, चिली फ्लेक्स, पाणी आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घाला. उरलेलं व्हिनेगर बाजूला ठेवा.

मध्यम आचेवर ७-८ मिनिटं उकळा. सुरुवातीला बुडबुडे लहान आणि चपळ असतात. पाणी कमी झालं की ते मोठे, संथ आणि चकचकीत होतात. इथून पुढे भांड्यापासून हलू नका, कारण बरोबर पाक आणि जळका पाक यांत दीड-दोन मिनिटांचंच अंतर असतं. एकूण पाक साधारण दोन-तृतीयांश उरला पाहिजे. गार ताटलीत एक थेंब टाका आणि त्यातून बोट फिरवा: रेघ भरून न येता तशीच राहिली तर पाक झाला. बोटांच्या चिमटीत धरून पाहणाऱ्यांसाठी खूण अशी, की एकतारीच्या किंचित अलीकडे थांबायचं. थर्मामीटरवर हे साधारण १०५ अंशांना येतं. चिमटीने पाहायचं असेल तर थेंब आधी ताटलीत गार होऊ द्या. उकळता पाक बोटाला चिकटून भाजतो आणि पटकन झटकताही येत नाही.

कढईत पातळ वाटतोय म्हणून आणखी आटवायचा मोह टाळा. गार होताना तो घट्ट होणारच आहे. जास्तच आटला तर एक-दोन छोटे चमचे गरम पाणी घालून ढवळा, पूर्ववत होतो.

आता गॅस बंद करा. उरलेलं व्हिनेगर घाला. उकळताना त्याचा बराचसा तीव्र वास उडून गेलेला असतो, तो ताजेपणा इथे परत येतो. मग उरलेलं बटर तुकड्या-तुकड्याने घालत ढवळा. बटर पाकात मिसळून गेलं की त्याला आरशासारखी चमक येते. उकळत्या पाकात टाकलं तर ते फुटून वर तेलाचा थर तरंगतो. शेवटी पाक गाळून घ्या. ही पायरी बरेच जण वगळतात आणि मग लसणाचे काळे कण का दिसतात म्हणून हळहळतात.

कॉर्नफ्लोअरबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: गरज नाही. त्याने पाक दाट होतो, चिकट होत नाही. त्यात आटवायचं पाणी तसंच राहतं आणि ते कातडीत उतरून ती मऊ पडते. मध काढून सगळी साखर वापरणंही टाळा. मधातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे साखरेचे कण पुन्हा जुळत नाहीत. नुसत्या साखरेचा पाक गार होताना रवाळ होऊ शकतो. चव बदलायची असेल तर गोड, खारट आणि आंबट यांचं प्रमाण साधारण तेच ठेवून बाकी हवं ते करा. पाण्याऐवजी संत्र्याचा रस घातला तर तो गोडी वाढवतो, म्हणून ब्राउन शुगर वगळा.

पाक चढवणं

विंग्ज बाहेर काढा आणि ओव्हन २०० अंशांवर आणा. ट्रेमधली चरबी जपून ओतून टाका आणि फॉइल बदला, नाहीतर ठिबकणारा पाक त्या तापलेल्या चरबीत पडून धुराने स्वयंपाकघर भरतो. तुकडे पेपर नॅपकिनवर मिनिटभर ठेवा. कातडीवर तुपासारखा तवंग राहिला तर पाक घसरून जातो.

मोठ्या, स्वच्छ आणि कोरड्या भांड्यात तुकडे घ्या. कच्चं चिकन ज्यात चोळलं ते भांडं आणि तो चिमटा इथे वापरायचा नाही. गरम पाकातला अर्धा भाग वरून ओता आणि भांडं उडवत घोळवा. चमच्याने ढवळलं तर कातडीचे फोड फुटतात. तुकडे पुन्हा जाळीवर मांडून ५ मिनिटं भाजा. बाहेर काढून ब्रशने दुसरा हात द्या आणि आणखी ४-५ मिनिटं ठेवा. पहिला हात कातडीला धरून बसतो आणि दुसरा त्या पहिल्याला. एकदम जाड थर दिला तर तो खाली ओघळतो.

या दहा मिनिटांत ओव्हनच्या काचेसमोर उभे राहा. मधातलं फ्रुक्टोज साध्या साखरेच्या बरंच आधी, ११० अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागतं. कडांवरचा पाक बुडबुडायला लागला आणि तांबूस-तपकिरी झाला की काढा. हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच काढायचा, कारण बाहेर आल्यावरही रंग थोडा पुढे जातो.

उरलेला चमचाभर पाक आता वरून फिरवा, हवे तर भाजलेले तीळ भुरभुरवा आणि पाच मिनिटं थांबा. पाक याच पाच मिनिटांत बसतो. काढल्या-काढल्या खाल्ले तर तो पातळ लागेल आणि तोंडही पोळेल. जाळी मात्र लगेच गरम पाण्यात बुडवा. वाळलेली साखर घासून निघत नाही, पण पाण्यात आपणहून विरघळते.

बिघडलं तर

कातडी मऊ राहिली तर दोष पाकाचा नसतो, त्याच्या आधीचा असतो. पाक लावण्यापूर्वी एक तुकडा तोडून बघा. तो कुरकुरीत नसेल तर आणखी दहा मिनिटं कोरडाच भाजा. पाक लावल्यावर हा दोष सुधारता येत नाही.

पाक कडू लागला तर तो भांड्यात करपला की ओव्हनमध्ये, ते आधी ठरवा. भांड्यातला उरलेला थेंब चाखला की कळतं. भांड्यातलाच कडू असेल तर त्यात साखर घालून झाकू नका, नवा करा. खारट झाले असतील तर बहुधा मीठ आणि सोया सॉस दोन्ही पूर्ण मापाने पडले आणि सोया सॉस जास्त खारट होता. पुढच्या वेळी चोळायचं मीठ अर्ध्यावर आणा, सोया सॉस तसाच ठेवा, कारण पाकाचा रंग आणि खोल चव त्यातून येते.

आधी करून ठेवायचे असतील

अर्धवट भाजून ठेवणं धोक्याचं आहे. चिकन कोमट होतं, जंतू मरत नाहीत आणि वाढायला वेळ मिळतो. पूर्ण भाजा, पाक न लावता गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. पाक वेगळ्या बाटलीत ठेवा. वाढायच्या आधी विंग्ज २२० अंशांवर १०-१२ मिनिटं भाजा, तोवर पाक मंद आचेवर पातळ करा आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन हात द्या.

पाक लावलेले उरले तर फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात. गरम करताना १८० अंशांवर १० मिनिटं, वरून फॉइल सैल झाकून, आणि शेवटची दोन मिनिटं फॉइल काढून. मायक्रोवेव्हमध्ये ते गरम होतील, पण कातडी पुन्हा रबरासारखी होईल.